मुखपृष्ठावरचा पायजमा

बेलेन लाकास्ताच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर एक पायजमा होता. निळ्या पट्ट्यांचा, पुरुषाचा, गुडघ्याला ठिगळ लावलेला. सगळी गाणी तिनं स्पेनमधल्या सारागोसा शहरातल्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरात बसून रचली होती. म्हणून तिथल्या खिडकीतून दिसणारा इमारतीचा आतला चौक आणि समोरची कपड्यांची दोरी तिनं फोटोत घेतली. पायजमा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. अल्बमच्या पाचशेच प्रती खपल्या असत्या, तर विचारायची गरजही पडली नसती.

महिन्याभरात अल्बम देशात तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि पायजम्याचं पोस्टर प्रत्येक ट्रामथांब्यावर लागलं.

दोरी समोरच्या दोन्या विसींची, म्हणजे विसीबाईंची होती. त्यांचे यजमान फेर्मिन जाऊन नऊ वर्षं झाली होती. नणंद एन्ग्रासिया हिनं फोटोत पायजम्याशेजारी वाळत असलेला एप्रन थांब्यावर लगेच ओळखला, कारण तो तिनंच भेट दिला होता. तिनं फोन लावला.

"विसी, तुझ्या घरात कोण राहतंय?"

"कोण राहणार? मी."

"आणि पायजमा काय चालत आला?"

दोन्या विसींनी घाईघाईनं हवापाण्याचा विषय काढला. नणंदेला तेवढं पुरलं.

"घराण्याच्या कबरीची कागदपत्रं माझ्याकडे आहेत, लक्षात ठेव. माझ्या भावाशेजारी जागा आहे ती त्याच्या बायकोला. दुसऱ्याचे पायजमे वाळवायचे असतील तर दुसरीकडे जाऊन पड!"

दोन्या विसी रडत बेलेनच्या दारात आल्या. "पोरी, तो फेर्मिनचाच आहे गं. दर सोमवारी धुते मी."

"मग सांगा ना तसं!"

"गेलेल्या माणसाचा पायजमा नऊ वर्षं धुतेय म्हणून सांगू? वेड्यांच्या इस्पितळात टाकेल ती मला."

बेलेननं रेकॉर्ड कंपनीच्या व्यवस्थापकाला मुखपृष्ठ बदलायला सांगितलं. तो हसत सुटला. "अगं, लोक बाल्कन्यांत पट्ट्यांचे पायजमे टांगताहेत! हवं तर गाणी बदल."

मग रेडिओवरच्या मुलाखतीत बेलेननं जाहीर केलं, की पायजमा तिच्या आजोबांचा आहे. हेतू चांगला होता, विचार कमी पडला. संध्याकाळपर्यंत गल्लीनं ठरवून टाकलं, की गायिकेचे आजोबा दोन्या विसींकडे राहायला आलेत. पाववालीनं दोन्या विसींना न विचारता एकाऐवजी दोन पाव बांधून दिले. दुसऱ्या दिवशी तेरुएलकडच्या खेड्यातून खुद्द आजोबांचा फोन आला.

"बेलेन, बाई दिसायला कशा आहेत?"

"आजोबा, मी खोटं बोलले!"

"असू दे गं. इथं बारमध्ये कालपासून मला उठून जागा देताहेत. खुलाशाची घाई करू नकोस."

सोमवारी सकाळी एन्ग्रासिया त्या माणसाला पकडायला स्वतः हजर झाली. तिनं कपाटं उघडली, पलंगाखाली पाहिलं, न्हाणीघराचा पडदा सरकवला. माणूस मिळाला नाही. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिनं दोरी ओढली आणि ओला पायजमा हातात घेतला. नाडी हिरवी होती.

"ही मी ओवली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "तो इस्पितळात होता तेव्हा. पांढरी मिळाली नव्हती."

"हो. म्हणून बदलली नाही."

"दर सोमवारी धुतेस?"

"एकटीच्या कपड्यांना दोरी फार मोठी पडते गं."

समोरच्या खिडकीत बेलेन कॉफीचा कप धरून उभी होती. एन्ग्रासियानं पायजम्याच्या ओल्या पायानंच नाक पुसलं. मग तो परत टांगला. चिमटे काढून पुन्हा लावले, कारण वहिनीची पद्धत तिला कधीच पटली नव्हती. आणि वळून न बघताच म्हणाली,

"हे बघ विसी, कबरीत त्याच्या दोन्ही बाजूंना जागा आहे. उजव्या कानानं त्याला काही ऐकू यायचं नाही. ती बाजू मी घेते. तू डावीकडे ये."