नेपाळातला पांढरा पट्टा

जानेवारी संपत आला तरी मी जुनं कॅलेंडर फेकलं नाही, एवढीच काय ती माझी चूक. पुढचं सगळं त्यातून आपोआप होत गेलं, असं मी नलूला आजही सांगतो आणि ती आजही ऐकून घेत नाही.

कॅलेंडर एका बियाण्याच्या दुकानाचं होतं. डिसेंबरच्या पानावर निळं तळं, मागे हिरवे डोंगर आणि तळ्याकाठच्या रस्त्यानं सायकलवर निघालेला एक गोरा माणूस. सायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या, चेहऱ्यावर समाधान. खाली छापलं होतं, ‘नेपाळ’. (त्याचा बियाण्याशी काय संबंध, ते दुकानदारालाही सांगता आलं नाही. पण त्या वर्षी बियाण्याचा पिकाशी तरी कुठं संबंध राहिला होता!)

मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर क्लार्क. एरवी त्या दिवसांत कापसाच्या गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत जायची आणि मला शिंकायलाही फुरसत नसायची. त्या साली कापूस मुळात कमी पिकला, आणि जो पिकला तो भाव ऐकून लोकांच्या घरातच बसून राहिला. मालक म्हणाले, “मनवर, महिनाभर घरीच राहा, काम पडलं की बोलावतो.” माणसाला महिनाभर सुट्टी आणि असलं कॅलेंडर, दोन्ही एकदम देऊ नये.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी जाहीर केलं, “आपण सायकलवर नेपाळ फिरणार. तीन हप्ते.”

टपरीवर आमचा फुलसिंग होता. फुलसिंग आमच्या जिनिंगमध्ये हमालांचा मुकादम. राहतो गावाबाहेरच्या तांड्यावर. त्यानं बशीतला चहा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

“गोविंदभाऊ, तुमी तं भाजी आणाले बी आटोनं जाता.”

टपरी हसली. मला त्या हसण्याचा राग आला आणि रागात माणूस जसा बोलतो तसा मी बोललो. “नाही गेलो तर नाव बदलीन!”

संध्याकाळपर्यंत ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. नलू अंगणवाडी सेविका आहे. गावातली कुठलीही गोष्ट तिच्याकडे पोलिओच्या डोसाआधी पोचते.

“अवो, नेपाळात जाऊन राह्यले म्हणते तुमी?”

“हो. ठरलं.”

“लुंबिनी नेपाळातच हाये नं? आमचं महिला मंडळ बी सहल काढून राह्यलं तिथं.”

इथं मी अडखळलो. लग्न झाल्यापासून नलूची एकच इच्छा होती, भगवान बुद्ध जन्मले ती लुंबिनी एकदा डोळ्यांनी पाहायची. मी दरवर्षी तिला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचो आणि परतीच्या एसटीत सांगायचो, “पुढच्या वर्षी लुंबिनी.” असं सतरा वेळा सांगून झालं होतं.

“लुंबिनी सुरुवातीलाच लागते,” मी म्हणालो. “पण नलू, डबल सीट नेपाळ जमणार नाही गं.”

ती भाकरी थापत राहिली, फक्त थापण्याचा आवाज वाढला. (मला तेव्हा वाईट वाटलं होतं. वाटलं होतं म्हणजे खरंच वाटलं होतं. पण निर्धार हा निर्धार असतो.)

मी यवतमाळला जाऊन नेपाळचा मोठा रंगीत नकाशा आणला आणि मैद्याची खळ करून भिंतीवर चिकटवला. दार आणि कपाट यांच्यामधल्या जागेत तो वीतभर जास्त होत होता, म्हणून उजवी कड मागे दुमडून खळीनं घट्ट दाबून टाकली. फुलसिंगला मुद्दाम बोलावलं, कारण त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा हिंदुस्थान फिरलेले. वाट आखायची तर रक्तात वाट असलेला माणूस बरा.

तो नकाशासमोर मांडी घालून बसला. “पयले पानी सांगा. माही याडी सांगे, जिथं पानी नाई तिथं लदेनी थांबत नाई.” (याडी म्हणजे त्याची आई, आणि लदेनी म्हणजे तो बैलांचा तांडा.)

“पाणी निळं दाखवलंय.”

“अन् हे हिरवं?”

आता मी आयुष्यभर कापूस मोजलेला माणूस. जमिनीचा रंग मला कोणी शिकवायची गरज नव्हती. “हिरवं म्हणजे ओलीत. चिखल, मच्छर, सायकल रुतणार. हे तपकिरी म्हणजे कोरडवाहू. कडक जमीन, सपाट रस्ता.”

“मंग तपकिऱ्यातूनच चाला,” फुलसिंग म्हणाला.

तर आम्ही खालचा हिरवा पट्टा कटाक्षानं टाळून तपकिरीतून रेघ ओढली. जितकं गडद तपकिरी तितकं मला बरं वाटत होतं. मधूनमधून काळे त्रिकोण होते. त्रिकोण म्हणजे तंबू, अर्थात मुक्कामाची सोय. एका त्रिकोणाजवळ ‘धौलागिरी’ लिहिलं होतं. फुलसिंग म्हणाला, गिरी बुवाचा मठ असन. शेजारीच ‘अन्नपूर्णा’. जिथं एसटी थांबते तिथं समोर अन्नपूर्णा भोजनालय असतंच, तेव्हा दहाव्या दिवशीचं जेवण तिथं लावलं. (नेपाळात हिमालय आहे हे मला माहीत होतं. पण टिपेश्वरच्या जंगलात वाघ आहे म्हणून तो काही दारव्ह्याच्या बसमध्ये चढत नाही. तसा हिमालय एका बाजूला असेल, असा माझा समज.)

मग फुलसिंगनं बोट वर नेलं. “अन् हे पांढरं कायचं हो?”

वरच्या अंगाला लांबच लांब पांढरा पट्टा होता. मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. माझ्या अंगावर काटा आला.

“फुलसिंग,” मी हळूच म्हणालो, “कापूस!”

“एवढा?”

“एवढा.”

एवढा कापूस पिकतो तिथं जिनिंग किती असतील, काटे किती असतील, आणि मुख्य म्हणजे भाव काय असेल! मी वहीत पंधरावा ते अठरावा मुक्काम पांढऱ्यात लिहिला. फुलसिंग उठला तो थेट टपरीवर गेला.

तिसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. पहिले आले आर्णीकडचे पुंडलिकराव. सत्तरीचे, स्वच्छ धोतर, हातात प्लास्टिकची थैली. थैलीत ओंजळभर कापूस आणि चिठ्ठीवर नाव, गाव.

“गोविंदा, नेपाळात चालला म्हणते. हा नमुना दाखव तिथल्या व्यापाऱ्याले. तार पाह्य, लांब हाये का नाई? म्हणावं, माल घरीच हाये.”

मी दोन अंगठ्यांत धरून धाग्याची तार ओढून पाहिली. सुरेख होती. नाही म्हणायचं माझ्या तोंडात आलंच नाही. त्या वर्षी लोक कशावरही विश्वास ठेवायला तयार होते. मोटारीच्या काचा न उतरवता शेत पाहून गेलेल्या पाहणी पथकावरसुद्धा त्यांनी ठेवला होता. मी तर निदान सायकलवर जाणार होतो.

पुंडलिकरावांमागून अख्खा तालुका आला. आर्णी, दारव्हा, पार नेरपासून थैल्या आल्या. कपाटावर थैल्या, पलंगाखाली थैल्या, पिठाच्या डब्यात थैली. नलू आल्यागेल्याला चहा करून करून थकली, पण कोणाला रिकामं पाठवलं नाही. मला वाटलं, कौतुक वाटत असेल तिला.

“अवो,” एक दिवस ती म्हणाली, “हे सारं तुमी सायकलवर नेसान?”

“कापूस हलका असतो.”

“त्रेसष्ट थैल्या हायेत. अन् तुमी परवा सिंगद रोडच्या पुलावरून पडले तवा सायकल रिकामीच होती.”

(पडलो नव्हतो. उतरताना थोडी घाई झाली होती.)

निघायला तीन दिवस उरले. हारांची ऑर्डर गेली होती. सायकल एसटीच्या टपावर चढवायचं कंडक्टरशी बोलून झालं होतं. भर दुपारी मी नलूला म्हणालो, “तो नकाशा काढून दे, बरोबर न्यावा लागेल.” तिनं ओल्या फडक्यानं खळ भिजवली आणि कड सोडवली. दुमडलेला भाग उलगडला. त्या भागात एक चौकट होती आणि चौकटीत रंगांचे छोटे छोटे ठोकळे. नलू वाकून वाचायला लागली. मग तिनं पदर तोंडाशी धरला.

“काय झालं?”

“तुमीच वाचा.”

मी चष्मा लावला. हिरवा: मैदान. तपकिरी: चार हजार मीटरपर्यंत उंच. त्रिकोण: शिखर. आणि सगळ्यात खाली, पांढरा: बारमाही बर्फ.

मी पलंगावर बसलो. खाली थैल्या होत्या, त्या दबल्या. फुलसिंग तेवढ्यात हार किती मोठा पाहिजे ते विचारायला आला होता, त्यानंही वाचलं.

“म्हणजे अन्नपूर्णा...?” त्यानं विचारलं.

“पहाड हाये, फुलसिंगभाऊ,” नलू म्हणाली. “जेवाले काई नाई भेटत तिथं.”

लाजेनं माझे कान तापले होते. पण मी उठून उभा राहिलो. “बर्फ तर बर्फ! मी जाणार. बोललो ते करणार. मफलर कुठं आहे?”

नलू ना ओरडली, ना हसली. तिनं पलंगाखालून पुंडलिकरावांची थैली काढली आणि माझ्या हातात दिली.

“जा नं. मी कायले अडवू? पण पयले ज्याची थैली त्याच्या हातात द्या अन् खरं काय ते त्याले सांगा. भोळी आस लावून बसले हायेत बिचारे. हे झाल्याबिगर तुमी हिमालयात गेले तं मी तुमाले घरात घेणार नाई.”

दुसऱ्याच्या हाती पाठवून देतो म्हटलं, तर फुलसिंगही मान हलवून म्हणाला, “शेतकऱ्याचा कापूस ज्यानं हातात घेतला त्यानंच वापस करावं लागते, भाऊ.” ही आमच्याकडची रीत आहे आणि काट्यावर मी स्वतःच ती वीस वर्षं लोकांना शिकवली होती.

त्रेसष्ट थैल्यांची गावं लिहून काढली तेव्हा लक्षात आलं की याला तीन हप्ते लागणार. तेवढीच माझी सुट्टी उरली होती. नेपाळ गेलंच म्हणायचं. मी वही मिटली, आणि सतरा वर्षांत सुचायला हवं होतं ते मला तेव्हा सुचलं.

“नलू, तुमच्या महिला मंडळाची लुंबिनीची सहल याच आठवड्यात आहे ना?”

“हाये. एक जागा बी रिकामी हाये.” ती थैल्या मोजत होती. “पण मी कशी जाऊ? तुमच्या भाकरी?”

“जा तू. खरंच जा. मी ज्याच्या दारात जाईन तो जेवल्याशिवाय सोडणार नाही. सोडलंच तर शिव्या देऊन सोडेल, त्यानंही पोट भरतंच.”

तिनं थैली खाली ठेवली आणि डोळे पुसले. मीही मग खिडकीबाहेर बघत बसलो. नागपूरहून त्यांची गाडी होती. माझ्यासाठी आणलेली कानटोपी आणि पाण्याची बाटली तीच घेऊन गेली. दिग्रसच्या स्टँडवर माझ्यासाठी सांगितलेला हार फुलसिंगनं तिच्या गळ्यात घातला. तिला तो गुडघ्यापर्यंत आला.

मी सायकल काढली. पहिल्यांदा पुंडलिकराव. त्यांच्या ओसरीवर थैली ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं: रंग, त्रिकोण, बर्फ. म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं आता काठी उचलतो. पण त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते हसले, ठसका लागेपर्यंत हसले, आतून सून धावत आली.

“बर्फाले कापूस म्हणला लेकाचा!” ते डोळे पुसत म्हणाले. “दिवाळीपासून आज पयल्यांदा हासलो, गोविंदा. बस. जेवून जा.”

सगळेच हसले नाहीत. एकानं थैली माझ्या हातातून ओढून घेतली आणि पाठ फिरवली. ते मला बरेच दिवस लागून राहिलं. एकानं पुन्हा पुन्हा विचारलं, “पण बर्फाखाली असन नं कापूस?” पण मी थांबलो नाही. चेन पडली, टायर फुटलं, बूड सोलवटलं, तरी सांगत गेलो. अठरा दिवसांत एकोणसाठ दारं झाली. निर्धार यालाच म्हणतात, असं मला स्वतःबद्दल वाटायला लागलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी नेरच्या अलीकडे असताना खिशातला मोबाइल वाजला. नलू होती, नेपाळातल्या फोन बूथवरून. आवाज एकदम पोरीसारखा.

“अवो, बाकीचे सारे ठिकाण करत करत शेवटी पाह्यली लुंबिनी! अन् इथं सारं सपाट हाये, आपल्या वावरासारखं. बगीचा लय मोठा, म्हणून आमी साऱ्या बायांनी सायकली घेतल्या भाड्यानं. तीन दिवस झाले, मी सायकलवरच फिरून राह्यली नेपाळात! काल तं आमी पार दूरच्या जुन्या गढीपर्यंत गेलतो. तुमी कुठवर पोचले?”

“नेरच्या जवळ आहे,” मी शक्य तितक्या भारदस्त आवाजात म्हणालो. “चालवतोय.”

तेवढ्यात पुढून ड्रायव्हर ओरडला, “ओ काका, ते सायकल नीट धरा नं! शेळ्या बिचकून राह्यल्या!”

ते नलूलाही ऐकू गेलं असणार.

“चढ होता,” मी म्हणालो.

“लय होता का?” नलूनं फार मायेनं विचारलं.

मी मागे पाहिलं. मी सायकल ढकलत असताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन मला ओलांडून गेलेली म्हातारी आता चढ संपवून, झाडाखाली बसून पान लावत होती.

“हो, लय,” मी म्हणालो.

पलीकडे बायांचा घोळका काहीतरी विचारत होता. नलू फोन ठेवता ठेवता त्यांना सांगताना ऐकू आली, “हाये हाये, बरा हाये. टेम्पोत हाये.”