खुर्चीत कोण बसलंय?

"हळू पुसा हो! बाबा आहेत ते," बायको ओरडली आणि जावयाचा हात खुर्चीच्या पाठीवर जागच्या जागी थिजला.

तिला 'बाबांची खुर्ची आहे ती' एवढंच म्हणायचं होतं. पण घाईत तोंडातून निघून गेलं आणि निघालेला शब्द काही परत आत जात नाही. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. त्या क्षणापासून जावई खुर्ची पुसेना, आजारी माणसाचं अंग पुसावं तसा हलका हात फिरवू लागला.

खुर्ची चामड्याची होती, उंच पाठीची, रंग विटलेली. ती आदल्या दिवशी टेम्पोतून आली होती आणि आज संध्याकाळी तिच्यामागून सासूबाई यायच्या होत्या. कायमच्या नव्हे. "येऊन बघते. नाही करमलं तर दुसऱ्या दिवशी परत," असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. वर्षभर त्या रिकाम्या घरात एकट्या राहत होत्या. मधे न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, तेही लेकीला शेजारणीकडून कळलं. तेव्हापासून बायकोच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बाबांची खुर्ची नव्यासारखी रंगवून आईच्या खोलीत ठेवली तर तिचा पाय इथून निघणार नाही, असा तिचा हिशेब होता. सगळी भिस्त खुर्चीवर होती आणि खुर्ची होती जावयाच्या हातात. त्याच्या हाताचा लौकिक घरात फारसा बरा नव्हता.

रंगाच्या दुकानदाराने त्याला समजावून सांगितलं होतं. "रंग चामड्याला धरतो, मळाला नाही. आधी साफ करा. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं पिळून घ्या. घासायचं नाही. वरची साय एकदा सोलली की गेली. आणि आधी अशा जागी करून बघा, जिथे कुणाचं लक्ष जात नाही."

जावयाने शोधून शोधून जागा काढली. पाठीची उजवी कड, बाहेरच्या अंगाला. तिथे एक तेलकट काळपट डाग होता. तो त्याने सकाळीच साबणाने हळुवार पुसून काढला, चामडं स्वच्छ निघालं आणि ओरखडाही आला नाही. मग त्याला हुरूप आला. पाठीवरचं जुनं पॉलिश आणि धूळ निघू लागली, आणि निघता निघता खालून कोणीतरी वर येऊ लागलं.

आधी खांदे आले.

"हा कसला डाग?" बायकोने वाकून विचारलं.

"पुसतो ना." त्याने पुसलं. डाग गेला नाही. भोवतीचा मळ तेवढा गेला आणि डागाला कमर फुटली.

चामडं सुकत गेलं तसं चित्र स्पष्ट होत गेलं. पाठ, खांदे, मान, डोकं. भर सकाळच्या उजेडात खुर्चीत एक माणूस बसला होता, फक्त त्याला शरीर नव्हतं. बाहेर रस्त्यावरचा आवाजही नेमका त्याच वेळी थांबला.

"बाबाच," बायको कुजबुजली. "पण डोक्यावर हा उंचवटा कसला?"

खरंच, डोक्याच्या मधोमध वाटीएवढा गोल गडद ठसा होता.

"रागाने सुजलं असेल," जावई म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता. त्याची पाचावर धारण बसली होती. त्याच घाबरगुंडीत त्याने बैठकीवर गुडघा टेकला आणि भांड्यांची घासणी उचलली.

"अहो, बाबांची पाठ सोलताय!"

त्याने दचकून गुडघा काढला. बैठक काही वेळ दबलेलीच राहिली. मग कुणी हात लावलेला नसताना खुर्चीने लांबलचक सुस्कारा सोडला. "हुऽऽश्श."

घासणी हातातून पडली. दबलेल्या बैठकीत हवा भरली की असा आवाज होतो, हे जावयाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पटणं वेगळं. बायको भिंतीला चिकटली. "माफी मागा," ती म्हणाली.

"कशाची?"

"तुम्हाला माहीत!"

माहीत होतं. जावयाने हात जोडले. "बाबा, राग मानू नका. तुमची ती लाकडी मुठीची छत्री बसमध्ये मीच विसरलो. नाव शेजाऱ्यांचं घेतलं. आणि आईंना इथे आणायला सुरुवातीला मी का कू केलं, तेही खरं. पण आता मनापासून सांगतो, त्यांना इथे काही कमी पडू देणार नाही."

"छत्री तुम्ही हरवलीत होय?" मागून आवाज आला.

जावई गर्रकन वळला. दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात बॅग. खुर्ची गेल्यावर घरात बसवेना म्हणून सकाळच्याच बसने निघाल्या होत्या.

"आई, बघ ना," बायको रडतच म्हणाली. "बाबा बसलेत."

सासूबाईंनी चष्मा लावला. खुर्चीपाशी गेल्या. तो गोल ठसा त्यांनी नीट न्याहाळला, मग मागे हात नेऊन स्वतःचा अंबाडा चाचपला.

"अगं वेडे, ही मी आहे."

त्यांनी पाठ वळवून अंबाडा त्या गोल ठशासमोर धरून दाखवला.

"तुझं लग्न झाल्यावर माझ्या पाठीसाठीच आणली होती त्यांनी. रोज मीच बसायचे."

"पण आम्ही आलो की बाबाच तर—"

"तुम्ही आलात की! लग्न झाल्यावर तू पाहुणीच ना. पाहुण्यांसमोर बायको खुर्चीत आणि नवरा खाली, ते मलाच बरं दिसायचं नाही. मग मी आत, ते खुर्चीत. तुमची पाठ वळली की म्हणायचे, 'ये बाई आता जागेवर, माझी पाठ धरली.'"

"मग बाबा कुठे बसायचे?"

"शेजारी, बैठ्या स्टुलावर. पेपर वाचता वाचता डोकं इथे टेकून झोपायचे." त्यांचा हात पाठीच्या उजव्या कडेला गेला, बाहेरच्या अंगाला, आणि तिथेच थांबला. जागा लख्ख होती.

जावई एक पाऊल मागे सरकला. "तिथे... आधी करून बघितलं मी. जिथे कुणाचं लक्ष जात नाही अशी जागा म्हणून."

"खरंय. कुणाचं जाणार?" सासूबाई म्हणाल्या. "माझाच हात जायचा."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे पलंगाच्या कडेला बसल्या. लेक बॅग उचलायला वाकली, तर म्हणाल्या, "राहू दे. उघडू नकोस अजून."

चहा झाला. कुणी प्यायलं नाही. जावई खुर्चीकडे बघायचं टाळत भिंतीशी उभा होता आणि म्हणूनच त्याला पुन्हा पुन्हा तिकडे बघावं लागत होतं. दुपार कलली. ओलसर चामडं पुरतं सुकलं. आत वर्षानुवर्षं मुरलेलं तेल हळूहळू वर येऊ लागलं आणि पुसलेल्या जागी आधी पुसट, मग ठळक, एका डोक्याचा ठसा उमटला. खुर्चीतल्या खांद्याला खेटून, जरासा कलता.

"अहो," बायको म्हणाली. "तुम्ही पुसलं होतंत ना?"

"शपथेवर."

सासूबाई उठल्या. त्यांनी त्या ठशावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"जावईबापूंचा हात चांगला आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "कुठलंच काम पुरतं करत नाहीत. आता रंगबिंग काही नको." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "बॅग आत ने. आणि एक बैठं स्टूल बघ."

स्टूल आलं. सासूबाई आपल्या ठशात टेकून बसल्या, माप घेतल्यासारख्या. दिवसभर उभं राहून जावयाच्या पायांचे तुकडे पडले होते. सुटकेचा निःश्वास टाकत तो स्टुलावर बसायला गेला.

"तिथे नको," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

जावई अर्ध्यातच ताडकन उभा राहिला. "माफ करा, बाबा," तो स्टुलाला म्हणाला आणि जमिनीवर जाऊन बसला.