अठरा खुर्च्यांचे जेवण

आपल्या माणसांवर प्रेम करण्यासाठी जागा लागते, हे आता सर्वमान्य झाले आहे. (किती चौरस मीटर, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.) कुवेतमधल्या अब्बासिया वस्तीतील आमच्या दीड खोलीत जेवताना चौघांची कोपरे एकमेकांना लागत; त्यामुळे प्रेमाची कुचंबणा होत होती. अम्मी आजारी नानीच्या सेवेसाठी रविवारी कायमची दाभोळला परतणार होती. जाण्यापूर्वी सगळ्यांनी एकदा निवांत, एकत्र जेवावे, एवढीच तिची इच्छा. म्हणून अब्बांनी मीना अब्दुल्ला गावाच्या पुढे, समुद्राकाठी, एका इंग्रज जमीनदाराची ऐतिहासिक हवेली दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली.

जमीनदार कधीच नव्हता. हवेली चार वर्षांपूर्वी बांधून झाली आणि त्याच दिवशी तीनशे वर्षांची झाली. भिंतींना भेगा कंत्राटदाराने नकाशाबरहुकूम पाडल्या. (दोन आपोआप पडल्या; त्या अधिक इंग्रजी वाटतात.) बाहेर सत्तेचाळीस अंश असताना शेकोटीची ऊब घेता यावी, म्हणून आत एसी सोळावर ठेवण्याची प्रशंसनीय व्यवस्था आहे.

प्रत्येकाला स्वतंत्र दालन मिळाले. त्यामुळे कुटुंबातील संवाद लक्षणीय सुधारला. तासाभरात ग्रुपवर एकतीस संदेश आले. अम्मीने जेवायला मारलेली हाक मात्र जिन्यातच विरली. मग तिने ती टंकून पाठवली. माझ्या धाकट्या बहिणीने, फिजाने, अंगठा दाखवला.

मेज अठरा जणांचे. हवेलीच्या नियमपत्रकानुसार यजमान एका टोकाला, यजमानीण दुसऱ्या टोकाला. अम्मीने अब्बांना फोन लावला.

"अवो, डाळ तुमच्याकडंच ऱ्हायली."

"मग न्यायला कोणाला तरी पाठव."

"कोणाला पाठवू? चौघंच तर हाव आपण!"

"अम्मी, आय अ‍ॅम फ्रीझिंग," मधल्या प्रदेशातून फिजा म्हणाली.

अम्मीने फोन ठेवला, चालत जाऊन पातेले उचलले आणि ती थेट स्वयंपाकघरामागच्या नोकरांच्या कोठडीत जाऊन बसली. (ऐतिहासिक अचूकतेसाठी ती अगदी लहान ठेवली आहे.) आम्ही ताटे घेऊन मागोमाग गेलो.

"सरक की रं जरा," अब्बा म्हणाले. सरकायला जागा नव्हती. फिजाचे कोपर माझ्या भातात आले. मी ते काढ म्हटले नाही. अम्मी वाढत राहिली, आणि पोट भरल्यावरही कोणी उठले नाही.

रविवारी ती गेली. आता आम्ही तिघे ऐसपैस जेवतो.

आपण हे वाचन स्वतःच्या खोलीत, दार लोटून, शांतपणे करत असाल, तर आपले अभिनंदन. मघाशी बाहेरून कोणीतरी जेवायला हाक मारली होती. काळजी नसावी, संदेश येईलच.