मुका कॉम्प्युटर

"बाबा, तुमचा कॉम्प्युटर अजून जिवंत आहे का?"

हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. भिंगरीनं विचारलं आणि बाबांच्या हातातला कप बशीवर आपटला.

"जिवंत? अगं, दहा वर्षांत एक वायर हलवलेली नाही मी!"

पाच वाजता भिंगरीची ऑनलाइन नकलांच्या स्पर्धेची निवड फेरी होती. मोबाइलचा कॅमेरा फुटलेला, त्यामुळे सगळी मदार या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर. चाचणीचा व्हिडिओ धापा टाकत का होईना, चालला. आवाज मात्र शून्य.

"वाढव," बाबा म्हणाले. तिनं शंभरावर नेला. बाबांनी टेबलावरच्या स्पीकरला चापट मारली. ढिम्म!

"माइक बघ. आपण बोललेलं परत ऐकवतो म्हणे."

मग काय! भिंगरीनं बाबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवला आणि शाळेच्या मोठ्या बाई सुरू केल्या. "मुलींनो! मी आले की भिंतीसुद्धा सरळ उभ्या राहतात!"

काहीच ऐकू येईना. ती आणखी जोरात बोलली. तिसऱ्यांदा तर किंचाळलीच. बाबा हसून हसून खुर्चीवरून घसरले.

तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली. दारात आई. हातात कात्री, चेहरा पांढराफटक. तिचं शिवणकामाचं दुकान बरोब्बर खालच्या मजल्यावर.

"बंद कर ते, कार्टे! सगळं दुकानातल्या स्पीकरवर वाजतंय!"

बाबा खुर्चीला धरून उठता उठता थांबले. आईला काम करताना गाणी ऐकता यावीत म्हणून खिडकीतून वायर त्यांनीच खाली सोडली होती. दहा वर्षांपूर्वी.

"दुकानात कुणी नव्हतं ना गं?" भिंगरीनं विचारलं.

आई बाजूला सरकली. मागे साक्षात मोठ्या बाई! अंगात एकाच बाहीचा कोट.

चष्मा काढायचंही भिंगरीला सुचेना.

"तिसऱ्यांदा बरी झाली," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण 'मुलींनो'च्या आधी मी खोकते. ते राहिलं." त्यांनी खोकून दाखवलं. "दुसरी बाही व्हायला पाच वाजतील. मी खालीच आहे." आणि त्या जिना उतरून गेल्यासुद्धा.

बाबा वायर काढायला हळूच सरकले.

"थांबा!" भिंगरीनं चष्मा पुन्हा नाकाच्या शेंड्यावर ओढला. "आई, बाबा, माझं ठरलंय. स्पर्धेत मी मोठ्या बाईच करणार, खोकल्यासकट. आणि त्या वायरीला कुणी हात लावायचा नाही!"