सर्वलागू स्वमताची बखर

श्री शारदा प्रसन्न असो. न होय तरी निदान रुष्ट न व्हावी, इतुकेच मागणे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते साली समुद्रापलीकडील परीक्षकांनी राज्यातील पंधरा वर्षांच्या मुलांची विद्या तोलून पाहिली. ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहावे ऐसी आज्ञा जाहली, म्हणोन लिहितो. पदरचे घालीत नाही; घातले तर चवीपुरते मीठ.

मजकूर ऐसा जे, समुद्रापार पंडितांची एक थोर मंडळी आहे. ते काही वर्षांआड देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या मुलांस एकच कागद देतात, आणि मूल वाचते कैसे, गणित करिते कैसे, विचार करिते की नाही, हे पाहोन राज्यांचे क्रमांक लावितात. थोरल्या महाराजांचे वेळेस आपली मुले एकदा बसली होती, तेव्हां राज्य शेवटले आले. दरबारी मुत्सद्द्यांनी अर्ज गुजरला की, यादी उलटी धरिली असता आपण पहिले आहो. आणि मग ठराव जाहला की, प्रश्नच आमचे हवेस मानवत नाहीत, सबब पुन्हा बसू नये. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण त्या दिवसापासोन दरबारात उच्चारावयास बंदी आहे. ऐसी बारा वर्षे सुखात गेली. मग खबर आली की, शेजारचे राज्य, ज्यात घोंगडी पसरली तर सीमेबाहेर जाईल एवढेसे, ते पहिले आले. महाराजांस हे बहुत झोंबले आणि त्यांनी येसो मल्हार यांस बोलाविले.

हे येसोपंत विद्याखात्याचे कारभारी. तीस वर्षे गावोगावी पंतोजीपण करोन, खडू खाऊन, गुडघे झिजवोन या पदास चढले होते. महाराज बोलिले, "पंत, पहिल्या दहांत नाव आले तर दारी पालखी देऊ. न आले तर गुरे मोजावयास जाल." पंतोजींस गुरे मोजावयास धाडणे ही या राज्याची जुनी चाल, पंतांनी ऐन उमेदीत तीन वेळा मोजिली होती. आणि पालखीची तर त्यांस मनापासोन हौस होती, कारण गुडघे फार दुखत. मुजरा करोन परतले.

इतक्यात परीक्षकांकडोन नमुन्याचे कागद आले, आणि हर प्रश्नाचे शेवटी दोन शब्द आढळले: स्वमत लिहा. दरबारी हाहाकार जाहला. ग्रंथात नाही ते मुलांनी लिहावे कोठोन? मग सतरा विद्वानांची समिती बसली, आणि चाळीस दिवस खल जाहला, आणि कोणताही प्रश्न येवो, त्यास लागू पडेल ऐसे एक मत सिद्ध केले. ते ऐसे: 'प्रस्तुत विषयास दोन बाजू आहेत. पहिली बाजू महत्त्वाची आहे. दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. अति तेथे माती. म्हणून माझ्या मते दोहोंचा सुवर्णमध्य साधावा.' यास सर्वलागू स्वमत ऐसे नाव ठेविले, आणि शाळोशाळी हुकूम गेला की, प्रार्थनेनंतर हे स्वमत सर्वांनी एका सुरात म्हणावे. परीक्षकांनी चिठ्ठ्या टाकोन सहा हजार मुलांची नावे काढिली होती. ती बदलता येत नव्हती. तेव्हां समितीने तोड काढिली की, ज्याचे स्वमत पाठ नसेल त्याचे नावापुढे परीक्षेचे दिवसापुरता 'ताप आहे' ऐसे लिहावे.

पंत स्वतः तपासणीस निघाले. फिरत फिरत नदीकाठच्या एका गावी आले, तो शाळेत चिठ्ठीत नाव निघालेली गोजरा म्हणोन एक मुलगी होती. तिचा बाप लखू पूर्वी नदीवर तर, म्हणजे माणसे पार नेणारी नाव, चालवी; पूल जाहल्यापासोन मोलमजुरी करी. पंतांनी तिजला स्वमत म्हणावयास सांगितले. ती 'दुसरी बाजू' येथपर्यंत येई आणि अडे. तीन वेळा अडली, आणि मग डोळ्यांस पाणी आणोन बोलिली, "गुर्जी, समदं पाठ हुतं. पर माझं मत काय माझ्या ध्यानात ऱ्हाईना."

सोबतचा कारकून बोलिला, "पंत, ताप लिहू?"

गोजरा दचकली. "ताप न्हाई मला! म्या एक दिस साळा बुडवली न्हाई. पावसाळ्यात पुलावर गुडघाभर पानी असतंय, तरी येते. बसू द्या की परीक्षेला."

पंतांस आपले तीस वर्षांचे पंतोजीपण आठवले. कारकुनाचे हातची लेखणी काढोन घेतली आणि हळूच बोलिले, "पोरी, आठवले नाही तर जे वाटेल ते लिही." बोलिले खरे, आणि मग दहा कोस वाटभर त्यांस म्हशी दिसो लागल्या.

परीक्षेचा दिवस आला. प्रश्न ऐसा जे, एका नगरीत नदीवर एकच अरुंद पूल आहे. सकाळी मालाच्या गाड्या आणि शाळेची मुले एकाच वेळी येतात. पूल आधी कोणास द्यावा? स्वमत लिहा. पाच हजार नऊशे नव्याण्णव मुलांनी सुवर्णमध्य साधिला. गोजराने लिहिले की, 'सात ते आठ पूल मुलांना द्यावा, कारण गाडी थांबली तर माल थांबतो, मूल थांबले तर शाळा सुटते. मंगळवारी मात्र गाड्यांना द्यावा. त्या दिवशी बाजार असतो, निम्मी मुले शाळेत नसतातच, गाड्यांवर असतात.'

पुढे चार महिन्यांनी परीक्षकांचा खलिता आला. त्यात लिहिले होते: 'आपण सहा हजार मुले बसविली म्हणता, आम्हांस दोनच आढळली. एकीने तोच कागद पाच हजार नऊशे नव्याण्णव वेळा लिहिला, तो आम्ही रद्द केला. दुसरीचे उत्तर सर्व देशांत उत्तम ठरले. परंतु एका मुलीवरून राज्याचा क्रमांक लावता येत नाही.' चिटणीस हुशार. त्याने भर दरबारात तिसरे वाक्य तेवढे मोठ्याने वाचिले, आणि पुढे खोकला काढिला. नौबत झडली, हत्तीवरोन साखर वाटिली, पंतांचे दारी पालखी आली. आणि मग समिती पुन्हा बसली, आणि ठरले की, जुने स्वमत मोडीत काढावे. गोजराचे स्वमत उत्तम ठरले, सबब तेच छापोन सर्व मुलांकडोन पाठ करवावे. त्या हुकुमावर पंतांची सही पाहिजे होती. पंतांस हे खुपले. परंतु पालखी दारी उभी होती आणि गुडघेही दुखत होते. सही केली.

पुढले पावसाळ्यात नदीस पूर आला आणि गोजराचे गावचा पूल वाहोन गेला. मग राज्याची मोठी परीक्षा जाहली, आणि पुलाचाच प्रश्न आला, आणि निकाल लागला तो गोजरा स्वमतात शून्य घेऊन नापास. ती आपला कागद घेऊन पंतांचे कचेरीत आली. कारकुनाने छापील ग्रंथ उघडोन ताडोन पाहिले आणि बोलिला, "हे काय लिहिले आहेस? गोजराचे स्वमत ऐसे नाही."

"म्याच गोजरा हाय की!"

"असशील. परंतु आपले मत नीट पाठ केले नाहीस."

ती पंतांकडे वळली. "गुर्जी, पूल व्हावून गेला. आता पुन्यांदा बाची तर चालती. तवा म्या तरीचं लिवलं, की आधी कुनाला न्यावं. नसलेल्या पुलाचं मत मी कसं लिवू?"

पंतांस लाज वाटली. इतुकी की मान वर होईना. ज्या पोरीस ताप लिहिला नाही, तिचे मत आपणच सही करोन बाटलीत भरिले. मग लेखणी उचलोन त्यांनी शून्य खोडिले, पुरे गुण दिले, खाली सही केली, आणि कारकुनास बोलिले, "पालखी सरकारात जमा करा, आणि गुरांची यादी आणा." कारकुनाने यादी आणिली. आणि दुसरे दिवशी समितीने पंतांनी दिलेले गुण छापील मताशी जुळत नाहीत म्हणोन रद्द केले.

पुढे पंत गुरे मोजीत त्या गावी गेले, तो तरीवर वल्हे गोजराचेच हाती. सकाळचे सात वाजले होते. काठावर दोन सावकार आणि एक अंमलदार ताटकळत उभे होते, आणि ती ओरडत होती, "आधी साळंची पोरं! मागनं बाकीचे!" पंत मुकाट्याने बाकीच्यांत उभे राहिले.

ऐसे हे वर्तमान. त्या काळी राज्यात परीक्षा उदंड जाहल्या, मुले उदंड बसली, आणि सर्वांचे मत एकच निघाले. ते जिचे होते, तीच त्यात नापास. पंतांचे गणतीत म्हशी एकोणीसशे भरल्या. त्यातल्या कोणत्याही दोन एकसारख्या नव्हत्या. लेखनसीमा.