मास्तर, हलायचं नाही

“पण त्या नराला कळत कसं नाही, की ही आपली बायको नाही, फूल आहे?”

डर्व्हलाने विचारलं आणि पॅरिश हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणी इमर आणि रोशीन एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या, कारण प्रश्न विचारून दाखवायची पैज त्यांनीच लावली होती. डॅव्हरन मास्तरांचं भाषण दर वसंतात व्हायचं आणि विषयही दर वर्षी तोच असायचा: बरेन भागातल्या चुनखडीच्या डोंगरावरची रानफुलं. त्यातही त्यांचं लाडकं माशीफूल. ते दिसायला आणि वासाला थेट गांधीलमाशीच्या मादीसारखं, त्यामुळे नर बिचारा त्यावर भाळतो आणि फुकटात परागकण वाहत हिंडतो. भाषणानंतर प्रश्न कधीच कुणी विचारत नसे, कारण शेजारच्या खोलीत चहा निवत असे.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “कळतं,” ते म्हणाले, “पण फार उशिरा. आणि पुढचं फूल दिसलं की पुन्हा विसरतो.”

“आमच्या डॉनलसारखाच की,” डर्व्हलाची आई चारचौघांत म्हणाली आणि हॉलभर हशा पिकला. बाबा बुटांकडे बघत बसले.

डर्व्हला पैज जिंकली, पण प्रकरण तेवढ्यावर भागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी प्रश्न विचारला म्हणून मास्तर विरघळले आणि म्हणाले, “रविवारी मोजणीला ये.” एवढ्या लोकांसमोर नाही कोण म्हणणार? ती गेली. पुढच्या रविवारी पुन्हा गेली, आणि तिसऱ्या रविवारी तर मास्तरांच्या आधी जाऊन दगडी कुंपणावर बसली. पाय टाकण्याआधी वाकून बघायचं, चालायचं ते फक्त फरशीसारख्या सपाट कातळावरून, फूल दिसलं की शेजारी बांबूची काडी रोवायची. तिला हे सगळं इतकं आवडलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

अडचण एकच होती. त्या डोंगरावर माशीफूल बरीच वर्षं दिसलं नव्हतं. याही वसंतात दिसलं नाही, तर संरक्षित क्षेत्राच्या दप्तरात त्याच्या नावापुढे ‘नामशेष’ असं लिहिलं जाणार होतं. आणि दिसलं म्हणजे मास्तरांना दिसलं पाहिजे. नोंदीखाली सही त्यांची, म्हणून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच फूल धरलं जायचं.

आज मोजणीचा शेवटचा रविवार होता. डोंगर पालथा घालून झाला होता. मास्तरांनी सुस्कारा सोडला, घडीचं स्टूल दोन कातळांवर टेकवून मांडलं, त्यावर आपला भरघोस देह ठेवला आणि थर्मास उघडला.

“मिळायचं असतं तर मिळालं असतं,” ते म्हणाले.

डर्व्हला बुटाची नाडी बांधायला वाकली होती. स्टुलाच्या चार पायांमध्ये, दोन कातळांमधल्या भेगेत, एक बारीक हिरवा दांडा उभा होता. त्यावर चार काळपट तपकिरी माश्या बसल्या होत्या आणि एकही उडत नव्हती. मास्तरांच्या भाराने खाली आलेलं बैठकीचं कापड वरच्या माशीपासून बोटभर अंतरावर होतं.

जे फूल फक्त मास्तरांनी बघायचं होतं, त्यावर मास्तरच बसले होते.

“मास्तर,” ती हळूच म्हणाली, “हलायचं नाही.”

“का गं?”

मास्तरांची उठायची पद्धत तिला पाठ होती. गुडघे दुखायचे म्हणून आधी दोन झोके मागे आणि मग एक पुढे. मागच्या झोक्याला कापड थेट जमिनीला टेकायचं. खरं सांगावं तर ते आनंदाने उसळतील, न सांगावं तर चहा संपल्यावर उठतील. डर्व्हलाने ओठ चावत विचार केला आणि थर्मास उचलला.

“आणखी चहा घ्या ना.”

त्यांनी घेतला. तिने आणखी ओतला. मग स्वतःच्या वाट्याचाही ओतला. मध्येच पाठ फिरवून तिने इमरला फोन लावला. “दोन दणकट माणसं पाठव. मास्तरांना उठता येत नाहीये.”

इमर नेमकी चर्चच्या दारात उभी होती आणि प्रार्थना नुकतीच सुटली होती. तिने ऐकलं तसंच सांगितलं, एक अक्षर कमी-जास्त केलं नाही. गावाने मात्र आपल्या परीने अर्थ लावला.

इकडे चहाने आपलं काम सुरू केलं. “डर्व्हला,” मास्तर जरा अवघडून म्हणाले, “मला त्या झुडपामागे जाऊन यायला हवं.”

“थोडं थांबता येईल?”

“माझ्या वयाला हा प्रश्न विचारायचा नसतो, बाळ.”

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. “मास्तर, श्वास सावकाश घ्या. तुमच्या खाली माशीफूल आहे.”

मास्तर पांढरेफटक पडले, मग लाल झाले. “किती फुलं आहेत दांड्यावर?”

“चार. आणि एक कळी. थरथरू नका, कापड हलतंय.”

“मी थरथरत नाहीये,” मास्तर थरथरत म्हणाले.

तेवढ्यात कुंपणापाशी मायकी कर्टिनचा ट्रॅक्टर येऊन थांबला. मागच्या ट्रॉलीत फादर कीटिंग होते आणि त्यांच्या हातात शेवटच्या घटकेला लावायचं पवित्र तेल होतं. त्यांच्यामागे आई आणि बाबा, रविवारच्या कपड्यांत.

“शॉन डॅव्हरन,” फादर धापा टाकत म्हणाले, “मनावर काही ओझं असेल तर मोकळं कर.”

“फादर, ओझं मनावर नाही,” मास्तर म्हणाले. “आणि तेल जपून. खाली फूल आहे.”

“म्हणजे मरत नाहीये हा?” मायकी हिरमुसला. “मी गाईला वासरू होता होता सोडून आलोय.”

आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “डर्व्हला, आपल्या होमस्टेत सहा जर्मन पाहुणे जेवायचे थांबलेत. तू इथे एका म्हाताऱ्याला स्टुलावर डांबून ठेवलंयस?”

“आई, नंतर ओरड. बाबा, तुम्ही डावीकडून. मायकीकाका, उजवीकडून. फक्त कातळावर पाय ठेवा. सरळ वर उचलायचं, मागे अजिबात नाही. फादर, तुम्ही आकडे मोजा.”

तिचा असला आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. बाबा निमूट डावीकडे गेले.

फादरनी आकडे मोजले. मास्तर काखांतून उचलले गेले आणि डर्व्हलाने स्टूल सरळ वर उचलून झर्रकन बाजूला घेतलं. वाऱ्यावर दांडा जरासा डुलला आणि उभा राहिला. चारही माश्या जागच्या जागी होत्या.

मास्तर हवेत लटकलेल्या स्थितीतच खाली बघत राहिले. “दिसलं,” ते म्हणाले. चष्म्याआडून पाणी वाहत होतं, पण पुसायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

“वजनदार आहात हो मास्तर,” मायकी कण्हला. “कुठे ठेवू?”

“तिथे नको,” डर्व्हला ओरडलीच. “तिथे दुसरं आहे.”

असली बारीक फुलं एकदा नजरेत बसली की मग दिसतच जातात. बाबांच्या टाचेमागे एक होतं. फादरांच्या झग्याच्या काठाशी दोन. आईच्या नव्या सँडलची टाच भेगेत रुतली होती आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन माशीफुलं दरवानांसारखी उभी होती. एवढे दिवस ती या भेगांमध्येच होती, आणि मोजणाऱ्यांची नजर त्यांच्यावरून घसरून जात होती.

मास्तरांना कसंबसं एका रुंद कातळावर उतरवलं. पावलं जपून टाकत, पण शक्य तितक्या घाईने, ते झुडपाच्या दिशेने निघाले. जाता जाता म्हणाले, “मोजणी तूच कर. मी आल्यावर तपासतो आणि सही करतो. आणि उन्हाळ्याचं मी विचारलं होतं, त्याचं काय ठरलं तुझं?”

“कसलं उन्हाळ्याचं?” आईने विचारलं.

डर्व्हलाने बांबूच्या काड्यांची जुडी उचलली. ही गोष्ट ती कितीतरी दिवस घरी सांगणार होती. पण घरी सांगायला गेलं की आई भांडी आपटत स्वयंपाकघरात जायची आणि बाबा गोठ्यात. आज दोघं समोर होती, आणि पाय हलवायची सोय कुणालाच नव्हती. मायकीलासुद्धा नाही. त्याची गाय बहुतेक एकटीच मोकळी झाली असावी.

तिने आईच्या सँडलपाशी गुडघे टेकले आणि पहिली काडी रोवली.

“आई, बाबा,” ती म्हणाली, “या सुट्टीत पाहुण्यांचे सॉसेज तळायला मी नाही. मास्तरांबरोबर उरलेले सगळे डोंगर मोजणार आहे. माझं ठरलंय. आणि आई, काय बोलायचं ते बोल, पण उजवा पाय उचलू नकोस.”