इंद्रायणी पास होईना

आमच्या शेजारचे बापूकाका माणसाला आधी तपासतात, मग नमस्कार करतात. चाकणच्या एका कंपनीत त्यांची उभी हयात क्वालिटी डिपार्टमेंटात गेली. रिटायर झाले, पण जिभेवरचा 'रिजेक्ट' काही सुटला नाही. माझ्या बायकोचा चहा रिजेक्ट, सोसायटीची लिफ्ट रिजेक्ट. धाकट्या जावयालासुद्धा त्यांनी 'रीवर्कला चालंल' असा शेरा देऊन ठेवलाय.

हल्ली त्यांच्या तावडीत सापडलीय इंद्रायणी. रोज सकाळी मोशीच्या घाटावर जाऊन काका ड्रोन उडवतात. ड्रोनखाली दोरी, दोरीला काडेपेटीएवढा सेन्सर. तो नदीत बुडवला की पाण्यात प्राणवायू किती, गढूळपणा किती, हे मोबाइलवर उमटतं. हाच सेन्सर त्यांनी एकदा आमच्या सत्यनारायणाच्या तीर्थात बुडवला. भटजींचा मंत्र अडला. काका म्हणाले, "चालू द्या. गढूळ हाय, पण पास करतो."

या उद्योगामागचं कारण सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. माझ्या अस्थी इंद्रायणीतच सोडा, असं काकांच्या पत्नी शांताकाकू जाताना सांगून गेल्या. आणि नेमका अस्थी सोडायच्या दिवशी नदीवर पांढरा फेस आलेला. काका पायरीवरूनच माघारी फिरले.

"जलमभर तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासून चकचकीत ठेवली तिनं. तिला असल्या घाणीत सोडू व्हय? पाणी पास झाल्याबिगर न्हाई."

अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून कलश गॅलरीच्या ग्रिलला बाहेरून बांधलाय. घाटावरून आले की काका त्याच्याशेजारी चहा घेत बसतात. नदीचा रिझल्ट सांगतात, वर सोसायटीतल्या दोन-चार चहाड्याही. मुली, भाऊबंद, भटजी, सगळे विनवून थकले.

परवा वरच्या धरणातून पाणी सुटलं. घाटावर मीही सोबत होतो. ड्रोन खाली गेला आणि मोबाइलवर सगळे आकडे हिरवे झाले. मी म्हणालो, काका, झाली की पास!

 चष्मा पुसून काकांनी सेन्सर पुन्हा बुडवला. पुन्हा हिरवे. मग त्यांनी तो दोरीवरून सोडवला आणि खिशात घातला.

"सेन्सर बिघडलाय," ते म्हणाले. "नवा मागवाया लागंल."

सेन्सर ठणठणीत होता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पाणी पास झालं की काकूंना सोडावं लागणार होतं. 

"बिघडलाच असेल," मी म्हणालो. "चांगला बघून मागवू. सावकाश."

"व्हय," काका म्हणाले, "घाई न्हाई."